जुळणीचा दिवस

वजनाचं नवं यंत्र काखोटीला मारून जावई दुकानाच्या पायऱ्या चढले तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते आणि अप्पांनी वजनांची थोरली पेटी उघडलेली होती. पेटी उघडली की पंखा बंद, दार बंद आणि तोंडही बंद, असा दंडक होता. दार ढकलल्याबरोबर वारा आत शिरला, तराजूची पारडी हलली आणि अप्पांच्या कपाळावर आठी पडली. जावई होते म्हणून नुसत्या आठीवर निभावलं. त्यांच्या जागी अप्पांचा मुलगा भाऊ असता तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता, आणि त्यातल्या सहा अप्पांच्याही होत्या.

जावयांच्या मागून त्यांची बायको, अप्पांची धाकटी मुलगी छोटी आली. तिच्या खांद्यावर भिंगरी झोपलेली होती. साडेचार वर्षांची ही पोर एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. जुळणीच्या दिवशी तिला दुकानाबाहेर ठेवणं हे दरवर्षी एका माणसाचं पूर्ण दिवसाचं काम असे. आज तिची मान आईच्या खांद्यावरून लोंबत होती, तोंड अर्धवट उघडं होतं आणि एका पायातला बूट वाटेत कुठेतरी पडून गेला होता. कुणाच्या ते लक्षातही आलेलं नव्हतं.

ताईच्या लक्षात आलं. ताई, अप्पांची मोठी मुलगी, त्यांच्या शेजारी, कामाच्या टेबलाशी, हातात चिमटा घेऊन उभी होती. सकाळपासून ती पेटीकडे बघायचं टाळत होती, पण ते दरवर्षीचंच होतं, म्हणजे गेल्या दोन वर्षांपासूनचं. पोरीचा उघडा पाय पाहिला आणि तिने चिमटा खाली ठेवला.

"सारखी झोपतेय," छोटी कुजबुजली. "सोमवारपासून. उठवली तर उठते, चार पावलं चालते आणि भेलकांडते. दारू प्यायल्यासारखी."

"बोलू नका," अप्पा म्हणाले.

छोटी पोरीला घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली.

हा जुळणीचा दिवस अप्पांच्या आजोबांनी घालून दिलेला. तराजू दुरुस्त करायचे आणि वजनं तपासून द्यायची, हा घरचा धंदा. शहरातल्या सोनारांची, औषधवाल्यांची, प्रयोगशाळांची बारीक वजनं या टेबलावरून जात. ती तपासायची थोरल्या पेटीतल्या वजनांशी. थोरली पेटी मात्र जगातल्या कुठल्याच वजनाशी तपासायची नाही, कारण ती थोरली. वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, सगळं घर जमवून तिच्यातलं एकेक वजन जोडपेटीतल्या त्याच्या जोडीदाराशी लावून बघायचं, जुळलं की चिठ्ठीवर सगळ्यांनी सह्या करायच्या आणि पेटी बंद. जोडपेटी कशावरून बरोबर? तर ती थोरलीवरून बेतलेली. थोरली कशावरून बरोबर? तर ती दरवर्षी जोडपेटीशी जुळते.

हा प्रश्न मोठ्याने विचारणारा एकच माणूस घरात होऊन गेला, तो म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ. काकांनी तो एकदाच विचारला. त्या संध्याकाळी त्यांची गादी अप्पांनी जिन्यावरून खाली फेकली आणि काका आज तिसऱ्याच शहरात छत्र्या विकतात. तेव्हापासून पेटीवर कुणी शंका घेतली नाही. आणि ज्याअर्थी इतक्या वर्षांत कुणालाही शंका आलेली नाही त्याअर्थी पेटीत खोट नाही, असंही घरात आपोआप ठरून गेलं. वजनमापांचे सरकारी निरीक्षक दरवर्षी शिक्का मारायला यायचे, तेसुद्धा येताना आपली वजनं पिशवीत घालून आणायचे. "आधी आमची तुमच्या पेटीशी लावून द्या," म्हणायचे, "मग आम्ही तुमची तपासतो." अप्पांना याचा केवढा अभिमान.

ताईला मात्र दोन वर्षांपासून पेटीची भीती वाटत होती, कारण तिने ती मोडली होती.

मोडली म्हणजे काय, तर शंभर मिलिग्रॅमचं वजन. पत्र्याचा एवढासा चौकोन, नखाहून लहान. चिमट्यात धरता यावा म्हणून त्याचा एक कोपरा वर वळवलेला असतो. दोन वर्षांपूर्वी पेटी पुसताना तो कोपरा जरा वाकडा दिसला म्हणून ती सरळ करायला गेली आणि तो तुटून फरशीवर पडला. अर्धा तास गुडघ्यांवर बसून तिने तो शोधला. सापडला नाही. मग तिने दुसरा कोपरा वर वळवला आणि चौकोन त्याच्या खोबणीत ठेवून दिला. त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी अप्पा कुठल्याशा गोष्टीवरून चिडलेले होते, म्हणून उद्या सांगू असं ठरलं. उद्या सांगायचं तर काल का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं. आठवड्याने आठवडाभर का गप्प बसलीस ते. जितका उशीर झाला तितकं सांगणं अवघड झालं, आणि जितकं अवघड झालं तितका आणखी उशीर. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईला या दुकानात एक टेबल मिळालं होतं. काकांची गादी जिन्यावरून गडगडत गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि जिन्याखालीच उभी होती.

जुळणीत सापडेलच, असं तिने मनाला सांगितलं होतं. त्या वर्षी जुळणीत शंभराचं वजन ठेवलं आणि जोडपेटीचं पारडं धाडकन खाली गेलं. अप्पांनी विचारलं, "काय म्हणतंय?" "जोडपेटीचं जड भरतंय," ती म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात. "मग ते खराब झालंय," अप्पा म्हणाले. "कोपरा उतरव त्याचा." थोरली चुकणार कशी? ताईने कात्रीने जोडपेटीचा धडधाकट चौकोन कातरला, थोडा थोडा करत, काटा मध्यावर येईपर्यंत. अप्पांनी विचारलं, "जुळलं?" ती म्हणाली, "जुळलं." सह्या झाल्या.

मग तिनेच स्वतःची समजूत घातली. अप्पा शेजारी बसले होते, त्यांनी काटा पाहिला, वजन पाहिलं, चाळीस वर्षं सरावलेल्या डोळ्यांनी पाहिलं आणि सही केली. त्याअर्थी फरक मोठा नसणार. पुढच्या वर्षभरात ज्याची त्याची शंभराची वजनं तपासायला आली, जड भरली, आणि तिने अप्पांच्या सांगण्यावरून ती कातरून दिली. त्यांत जावयांच्या रुग्णालयातलीही होती.

"हे घेऊन आलोय, अप्पा," जावई आता हलक्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी यंत्र टेबलाच्या कडेला ठेवलं. रुग्णालयाच्या औषधविभागात ते पुड्या बांधायचे. बारीक मुलांना गोळ्या गिळता येत नाहीत, म्हणून गोळी कुटून, तोलून, एकेका वेळेची पुडी करून द्यायची. भिंगरीच्या आकडीच्या औषधाच्या पुड्याही तेच बांधायचे. "सोमवारपासून हे वापरतोय. जुना तराजू साहेबांनी उचलून नेला. आज सकाळी खणात जुनी वजनं सापडली म्हणून सहज शंभराचं ठेवून पाहिलं, तर चौऱ्याहत्तर दाखवतंय."

"चौऱ्याहत्तर!" भाऊ हसला. तो दारापाशी सह्यांची चिठ्ठी घेऊन उभा होता. गिऱ्हाईक, कागद आणि शिक्के हे त्याचं खातं. "दाजी, पंचवीस टक्के सूट आहे वाटतं यंत्रात."

"ठेव आपलं," अप्पा ताईला म्हणाले.

तिने थोरलीतलं शंभराचं उचललं. चौकोन यंत्रावर ठेवला. आकडे जरा घुटमळले आणि थांबले.

"चौऱ्याहत्तर," जावयांनी वाचलं.

"खोटं यंत्र," अप्पा म्हणाले. "तुमचं वजन आमच्या पेटीशी लावलेलं, आणि आमचं वजन तर आमचंच. दोन्ही चौऱ्याहत्तर दाखवतात म्हणजे यंत्रच चौऱ्याहत्तर दाखवतं. परत करा ते."

"मलाही तसंच वाटलं," जावई म्हणाले. पण ते यंत्राकडेच बघत राहिले.

सोमवार, ताईच्या मनात आलं. पोर सोमवारपासून झोपतेय.

तिने छोटीकडे पाहिलं. छोटी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पोरीचा हात हातात धरून बघत होती. तो हात बारीक थरथरत होता.

"छोटे, तिचा डोस किती आहे आता?"

"एकशे चाळीस. आधी शंभर होता, त्यावर आकडी थांबेना. मग एकशे वीस. मग उन्हाळ्यात एकशे चाळीस केला तेव्हा कुठे थांबली." छोटीने मान वर केली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "डॉक्टर म्हणाले, औषध बरोबर जातंय तरी आकडी येते म्हणजे आजार वाढतोय. आणि आता बघ ना ही थरथर. पुन्हा यायची लक्षणं आहेत. फोन केला होता त्यांना. चार वाजता अर्धी पुडी जास्त द्या म्हणाले, आणि उद्या घेऊन या."

ताईच्या डोक्यात आकडे आपोआप लागत गेले, आयुष्यभर तेच काम केलेलं. शंभराच्या जागी चौऱ्याहत्तर. एकशे चाळीस म्हणजे शंभर अधिक वीस अधिक वीस, म्हणजे एकशे चौदा. पोरीला एकशे चौदा पुरत होतं. सोमवारपासून खऱ्या यंत्रावर तोललेलं खरं एकशे चाळीस तिच्या पोटात जात होतं, रोज दोनदा, सहा दिवस. ती गुंगत होती ती औषधाने. थरथरत होती तीही औषधाने. आणि थरथरते म्हणून तिला आणखी औषध मिळणार होतं.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"भाऊ, जरा मागे ये," ती म्हणाली. अप्पा पुढचं वजन लावा म्हणत होते. चिमटा पुसून आणते, असं सांगून ती मागच्या खोलीशेजारच्या बोळात शिरली.

तिथे खोक्यांच्या राशीत उभं राहून तिने भावाला सगळं सांगितलं. दोन वर्षं छातीवर बसलेली गोष्ट सांगून व्हायला एक मिनिटही लागलं नाही. भाऊने मध्ये एकदाही "काय?" म्हटलं नाही, आणि त्यावरून तिला कळलं.

"तुला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. वाटत होतं." भाऊने बोळाच्या तोंडाकडे पाहिलं. "दोन सोनार येऊन बोलले होते. मी म्हटलं, शिक्का आहे निरीक्षकाचा. गेले मुकाट्याने."

"त्या निरीक्षकाची वजनं कुणी कातरली?"

"आपणच कातरली. म्हणून तर म्हणतो, ताई, हे बाहेर पडलं तर एका घरात राहणार नाही. शहरातलं एकेक औषधाचं दुकान आपल्या हाताखालून गेलंय. आणखी किती जणांच्या पुड्या असतील, विचार केलायस?" त्याचा आवाज घोगरा झाला. तोही घाबरला होता, आणि घाबरलेला भाऊ तिला लहानपणापासून ओळखता यायचा, तो बोलता बोलता खिशातल्या किल्ल्या मोजायचा. आत्ताही मोजत होता. "तू फक्त छोटीला सांग, आज जास्तीची देऊ नकोस. उद्यापासून थोडी कमी करून द्या म्हणावं. पोर शुद्धीवर येईल. कारण सांगायची गरज काय?"

ताईला ते पटलं. हे नंतर तिला स्वतःचंच सगळ्यांत भयंकर वाटलं, की तिला ते पटलं. पोर वाचेल आणि कुणाला कळणार नाही, अशी एक फट दिसली आणि तिचा जीव त्या फटीत घुसला.

ती बाहेर येऊन छोटीपाशी वाकली. "ऐक माझं. ती चारची पुडी देऊ नकोस."

"का?"

"इतकी गुंगीत आहे. बघूया ना उद्यापर्यंत."

"डॉक्टर द्या म्हणाले."

"डॉक्टरांनी तिला पाहिलेलं नाही, फोनवर सांगितलंय. मला वाटतं…"

"तुला काय वाटतं, ताई?" छोटीचा आवाज चढला. अप्पांनी जीभ टाळूला लावून 'च्च' केलं. छोटीने आवाज खाली आणला, पण त्यातली धार तशीच राहिली. "तू आकडी पाहिली आहेस तिची? निळी पडते ती. मागच्या वेळी चार मिनिटं होती, मी घड्याळ बघत बसले होते. आणि का द्यायची नाही, तर तुला वाटतं म्हणून? एक कारण सांग मला. धड एक कारण सांग, नाही देत."

कारण ताईच्या जिभेवर होतं. तिने अप्पांकडे पाहिलं.

"हेच," छोटी म्हणाली. पोरीला उचलून ती मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. "निदान तिला जरा आडवी तरी करते. इथे श्वास घ्यायचीसुद्धा चोरी."

ताई टेबलापाशी परतली. वीस ग्रॅम जुळलं. दहा जुळलं. अप्पा विचारत होते, ती उत्तर देत होती. पाच ग्रॅम ठेवताना तिला जाणवलं की आपले ओठ हलताहेत आणि आवाज कुणा दुसऱ्याचाच येतोय. घड्याळात पावणेचार झाले. आत पोर झोपली होती. पुडी छोटीच्या पिशवीत होती आणि पिशवी छोटीपाशी होती.

"जुळलं?" अप्पांनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली.

"काय?"

"थोरली खोटी आहे, अप्पा. शंभराचं वजन. मी मोडलंय ते, दोन वर्षांपूर्वी."

भाऊने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. जावई सावकाश वळले. अप्पा मात्र जागचे हललेच नाहीत. त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले होते.

"दोन वर्षं जुळतंय ते."

"जोडपेटीचं कातरून जुळवलं. तुम्हीच सांगितलंत."

"मी सांगितलं कारण ते जड होतं."

"ते बरोबर होतं, अप्पा. आपलं हलकं होतं."

"आपलं हलकं असतं तर जुळणीत सापडलं असतं."

"जुळणीतच तर…" ताईला रडू फुटायला लागलं आणि तिने ते गिळलं. "जुळणीत कसं सापडेल? एक चुकलं की दुसरं त्याच्यावरून चुकवतो आपण. मग दोन्ही जुळतात."

"काकाचं बोलतेस," अप्पा म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"अप्पा, पोर तिथे…" जावई म्हणाले, पण त्यांचं वाक्य पूर्ण झालं नाही. ते डोळे बारीक करून मनाशी काहीतरी जुळवत होते.

"दाखवते," ताई म्हणाली. तिने शंभराचा चौकोन एका पारड्यात टाकला. दुसऱ्या पारड्यात त्याच पेटीतलं पन्नासाचं ठेवलं, मग दोन विसाची, मग दहाचं. एकाच पेटीतली वजनं एकमेकांशी लावायची नाहीत, वर्षातून एकदाच हात लावायचा, नाहीतर झिजतात, असा आजोबांचा नियम. तीन पिढ्यांत हे कुणी केलेलं नव्हतं. एवढंसं काम. तिने तराजूची कळ सोडली.

पन्नास, वीस, वीस आणि दहाचं पारडं खाली गेलं ते वर आलंच नाही. काटा कडेला जाऊन टेकला.

अप्पा पुढे वाकले, मागे झाले, पुन्हा वाकले.

"भाऊ," ते म्हणाले. "काटा कुठे आहे?"

भाऊ जवळ आला. त्याने पाहिलं. किल्ल्या वाजल्या.

"मध्यावर आहे, अप्पा," भाऊ म्हणाला.

"खोटं!" जावई ओरडले. त्या खोलीत पेटी उघडी असताना कुणी ओरडल्याचं ताईला आठवत नव्हतं. "कडेला आहे, पूर्ण कडेला! तुम्हाला दिसत नाही का अप्पा, समोर तर आहे!"

"नाही दिसत," अप्पा म्हणाले.

ते इतक्या साधेपणाने म्हणाले की क्षणभर त्याचा अर्थच लागला नाही.

"पाच वर्षं झाली. पारड्यांची नुसती सावली दिसते, काटा नाही दिसत. ही आहे ना शेजारी, म्हटलं. हिचे डोळे चांगले आहेत. ही जुळलं म्हणाली की मी सही करायचो." त्यांनी ताईच्या दिशेने तोंड वळवलं आणि त्यांची नजर तिच्या कानाच्या थोडी पलीकडे कुठेतरी स्थिरावली. "तू म्हणालीस ना, जुळलं?"

दोन वर्षं ती त्यांच्या डोळ्यांच्या भरवशावर होती. त्यांनी पाहिलं आणि सोडून दिलं, म्हणजे चालतं, या एका गोष्टीवर तिला झोप लागत होती. आणि ते तिच्या भरवशावर होते. त्या वजनाची शहानिशा कुणीच करत नव्हतं.

"एकशे चौदा," जावई एकदम म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एकशे चौदावर होती ती." आणि ते मागच्या खोलीकडे धावले.

ताई त्यांच्यामागे धावली. दार उघडलं तेव्हा छोटी पलंगावर बसून भिंगरीचं तोंड ओल्या रुमालाने पुसत होती. खुर्चीवर वाटी आणि चमचा होता. वाटीच्या तळाशी पांढुरकं पाणी उरलं होतं.

"गिळतच नव्हती," छोटी म्हणाली. "नाक दाबून घातलं शेवटी. चार वाजले ना." मग तिने दोघांचे चेहरे पाहिले. "काय झालं?"

रुग्णालयापर्यंतची दहा मिनिटं गाडी जावयांनी चालवली. ताईने वाटेत सांगितलं, सगळं, पहिल्यापासून, मागच्या सीटवर छोटीच्या शेजारी बसून. छोटीने एकदाही तिच्याकडे वळून पाहिलं नाही. ती पोरीच्या गालावर चापट्या मारत राहिली आणि "भिंगरे, ए भिंगरे, मावशी काय सांगतेय ऐक," असं म्हणत राहिली. तो सूर लाडाचा होता, रोजचा, आणि ताईला तो ऐकवेना. एकदा पोरीने डोळे उघडले. बुबुळं एका बाजूला सरकत गेली, झटक्याने परत आली, पुन्हा सरकली.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भराभर प्रश्न विचारत होत्या. कधीपासून? किती? आज किती? जावई रुग्णालयातलेच, त्यांनी कागद पुढे केला. कागदावर उन्हाळ्यापासून एकशे चाळीस लिहिलेलं होतं.

"हा तर जुनाच डोस आहे. याने असं व्हायचं कारण नाही," बाई म्हणाल्या. "मग मूळ आजारच वाढलेला दिसतो."

"नाही," ताई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती सांगत गेली. कागदावर शंभर होतं तेव्हा चौऱ्याहत्तर, एकशे वीस होतं तेव्हा चौऱ्याण्णव, एकशे चाळीसला एकशे चौदा, सोमवारपासून खरं एकशे चाळीस आणि आता चार वाजता सत्तर आणखी. आकडे सांगताना तिचा आवाज अजिबात कापला नाही.

"हे तुम्हाला कसं माहीत?" बाईंनी विचारलं.

"वजनं मी कातरली."

बाईंनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं, मग कागदावरचा आकडा खोडला आणि नर्सला हाका मारायला सुरुवात केली. नळी आली, सुई आली, रक्त तपासायला गेलं. औषध बंद, पुढचे दोन-तीन तास महत्त्वाचे, श्वासावर लक्ष ठेवायचं, असं त्या म्हणाल्या. आणखी कुणाकुणाला त्या वजनांवरच्या पुड्या गेल्या आहेत त्याची यादी आत्ता, लगेच हवी, असंही म्हणाल्या. जावई औषधविभागाकडे पळाले. दुकानातून भाऊचा फोन आला, अप्पा पेटीसमोरून उठत नाहीत, चिठ्ठ्यांचा गठ्ठा हाताने चाचपत बसलेत. ताईने सांगितलं, नोंदवही घेऊन इकडे ये. फोनमध्ये किल्ल्या वाजल्या. मग "आलो" म्हणाला.

खोलीत दोघी बहिणी उरल्या. खाटेवर भिंगरी एवढीशी दिसत होती, चादर हनुवटीपर्यंत ओढलेली. छोटी उशाशी बसली होती. बराच वेळ रडल्यावर डोळे सुजतात तसे तिचे सुजले होते आणि ती सारखी ते पुसत होती. पुसून पुन्हा पोरीच्या छातीकडे बघायची.

"मला दिसत नाहीये," ती अचानक म्हणाली. "ताई, चादर हलतेय का? मला काही दिसत नाहीये. श्वास घेतेय का ती?"

ताई वाकली. चादर वर गेली, खाली आली. तिने नाकाशी बोट धरलं. बोटाला ऊब लागली. तिने पुन्हा एकदा खात्री केली, मग आणखी एकदा.

"घेतेय," ती म्हणाली. "नीट घेतेय गं."

छोटीने मान वळवून आज पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिने बाहेर हाक मारली.

"सिस्टर," ती म्हणाली, "जरा बघता का येऊन? ती श्वास घेतेय का?"